आधी सात की आधी बारा

मी चिडकी नाही. माझ्या नवऱ्याचं, मुकुलचं, मत वेगळं आहे. पण पीएचडी मला करायची आहे, त्याला नाही. तीही पार्ल्याच्या कॉलेजात आठवड्याला अठरा तास शिकवून, पेपरांचे गठ्ठे तपासून आणि प्रत्येक कमिटीच्या मीटिंगला गार समोसा खाऊन उरलेल्या वेळात. सात वर्षं झाली. तीनदा मुदत वाढवून घेतली. चौथ्यांदा विद्यापीठाने कळवलं, आता पुरे. डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी प्रबंध टेबलावर आला नाही, तर नाव कटणार.

आणि त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मी इन्क्युबेटरमधून तीन प्लेटा बाहेर काढल्या, तर तिन्ही प्लेटा एका सुरात सांगत होत्या की माझं पाचवं प्रकरण उलटं आहे.

नीट सांगते, नाहीतर माझा संताप कशाला होता ते कळायचं नाही. विक्रोळीच्या खारफुटीतल्या चिखलात एक जिवाणू सापडला. तो केशरी रंग बनवतो. सापडला म्हणजे मला सापडला असं प्रबंधात लिहिलंय, पण चिखल आणला जयवंतमामांनी. मामा आमच्या लॅबचे अटेंडंट. विक्रोळीला चाळीत राहतात. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चिखल भरून घेऊन आले, आणि वाटेत कोणी विचारलं तर श्रीखंडच आहे म्हणून सांगितलं म्हणे. त्या जिवाणूवर मी अतिनील किरणांचा मारा केला आणि रंग बनवायचं विसरलेले पांढरे म्युटंट वेगळे काढले. त्यातले तीन कामाचे निघाले. सात नंबर, बारा नंबर आणि एकोणीस नंबर. रंग एका फटक्यात बनत नाही, टप्प्याटप्प्याने बनतो. तर कोणता म्युटंट कितव्या टप्प्यावर अडलाय ते शोधायचं आणि त्यावरून टप्प्यांचा क्रम लावायचा. बस, एवढंच. या एवढंचला सात वर्षं.

मुकुलचा साकीनाक्याला पत्र्याच्या डब्यांचा गाळा आहे. तिथे एक जण पत्रा कापतो, दुसरा वाकवतो, तिसरा रंगवतो. रंगवणारा रजेवर गेला की वाकवलेले बिनरंगाचे डबे दाराबाहेर साचतात. शेजारच्या गाळ्यात वाकवणारा आला नसेल, तर ते लोक हे आयते डबे उचलतात आणि रंगवून मोकळे होतात. माझे म्युटंट हेच करतात. झाकणाच्या गोल काचेच्या प्लेटमध्ये खाद्याचा थर ओतायचा, त्यावर दोघांच्या रेघा शेजारी शेजारी ओढायच्या आणि दोन दिवस थांबायचं. जो पुढच्या टप्प्यावर अडलाय, त्याचा साचलेला माल पाझरतो. जो आधीच्या टप्प्यावर अडलाय, तो तो माल उचलून केशरी होतो. म्हणजे केशरी झाला तो आधी अडलेला, पांढरा राहिला तो नंतर अडलेला. मुकुललासुद्धा हे एकदा सांगून कळलं.

एकोणीस नंबर दोघांनाही केशरी करायचा. तो सगळ्यात शेवटी अडलेला, त्यात वाद नव्हता. प्रश्न होता सात आणि बाराचा. जूनमध्ये मी त्या दोघांची प्लेट लावली. सात केशरी, बारा पांढरा. आधी सात, मग बारा, मग एकोणीस. या पायावर मी अडतीस पानांचं पाचवं प्रकरण उभं केलं, आकृत्या काढल्या, बाणांना रंग दिले.

नोव्हेंबरमध्ये प्रबंधाआधीचं सादरीकरण झालं. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "हा फोटो जरा पुसट वाटतो. आणि एकच प्लेट?" मी सांगितलं, दोन लावल्या होत्या, एकीवर बुरशी आली. "मग परत लावा ना तीन. औपचारिकता म्हणून." मी हो म्हटलं. काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती, पण मला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस. लावल्या तीन प्लेटा. तिन्हींमध्ये बारा केशरी आणि सात पांढरा.

जूनमध्ये बारा सातला पोसत होता, डिसेंबरात सात बाराला पोसतोय! जिवाणू आहेत की राजकारणी? मी तिन्ही प्लेटा उजेडात धरल्या, उलट्या धरल्या, सुलट्या धरल्या. उत्तर तेच. डीप फ्रीझरमध्ये या म्युटंटच्या राखीव नळ्या होत्या, पण गेल्या वर्षी सुट्टीत फ्रीझर बंद पडला तेव्हा त्यांचा काढा झाला. उरल्या फक्त फ्रिजमधल्या नळ्या. म्हटलं, यांचीच काहीतरी भानगड आहे. फ्रिज उघडला, स्टँड बाहेर काढला आणि कपाळावर हात मारला.

प्रत्येक नळीच्या बुचावर कुंकवाचा ठिपका होता, प्लेटा लावताना घाईत तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आणि नळ्यांवरचे नंबर माझ्या अक्षरात नव्हते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे नंबर गोल, टपोरे, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखे होते. त्या अक्षराचा माणूस लॅबमध्ये एकच.

मामा दरवर्षी खंडेनवमीला लॅबमधल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा करतात. त्यांचे वडील गिरणीत होते, तिथे मागाला हार पडायचा. मामा ऑटोक्लेव्हला, म्हणजे निर्जंतुक करायच्या आमच्या मोठ्या कुकरला, घालतात. माझी त्याला कधी हरकत नव्हती, पेढे चांगले असतात. पण फ्रिजही यंत्रात मोडतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एमएस्सीचं प्रॅक्टिकल चालू होतं. अकरा मुलं होती. थांबून, दार लावून बोलायला हवं होतं. मी थांबले नाही.

"मामा, या नळ्यांवर नंबर कोणी लिहिले?"

मामा धुतलेल्या काचेच्या प्लेटांचा ट्रे घेऊन चालले होते. "मी लिवले."

"का?"

"खंडेनवमीला फ्रिज साफ केला ना मॅडम. तुमचे नंबर अर्धे उडालेलेच होते. नळ्या स्पिरिटने पुसल्या, तर होते ते पण गेले. मग लिवले परत."

"स्पिरिटने? मार्करवर स्पिरिट? एकतीस वर्षं लॅबमध्ये काढलीत ना तुम्ही? सात आणि बारा बदलून टाकलेत! माझ्या सात वर्षांची वाट लावलीत तुम्ही! पूजा करायची तर घरी करा, माझ्या नळ्यांना हात कशाला लावलात?"

"मी नाय बदलले."

"मग काय नळ्या स्वतःच्या पायाने फिरल्या?"

मामा ट्रे घेऊन तसेच उभे राहिले. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांनीच कधीकाळी रंगवलेली पाटी होती, प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी ते ती मोठ्याने वाचून दाखवतात: 'नंबर झाकणावर लिहू नये. झाकण फिरते.' पाटीखाली श्वेता नावाची मुलगी हातातलं पिपेट खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. बाकीचे दहा जण आपापल्या प्लेटांत एकदम गढून गेले. मामा ट्रे घेऊन धुण्याच्या खोलीत निघून गेले. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, निरोपाच्या वर्गणीचा कागद माझ्याच पर्समध्ये होता.

नलिनी मॅडम माझ्या गाईड आणि विभागप्रमुख. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या हादरतील. त्या म्हणाल्या, "अगं, मग छानच झालं की."

"छान?"

"नळ्या त्याने ऑक्टोबरात बदलल्या. तुझी प्लेट जूनची. म्हणजे जून बरोबर, आत्ताचं चूक. त्याच्याकडून तसं लिहून घे, फाईलला लाव, शुक्रवारी प्रबंध दे. एवढं काय घाबरतेस?"

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. हे मला कसं सुचलं नाही, म्हणून त्यातही थोडी चिडले.

दुपारी मामांना कागद दिला. म्हटलं, काय काय केलंत ते सगळं लिहा आणि सही करा. ते धुण्याच्या खोलीतल्या कडप्प्यावर कागद ठेवून, उभ्याने, अर्धा तास लिहीत होते. मी दोनदा जाऊन डोकावले. शेवटी त्यांनी कागद आणून दिला. टपोरं अक्षर, खाडाखोड नाही.

'मी जयवंत, प्रयोगशाळा परिचर, लिहून देतो की खंडेनवमीच्या दिवशी मी फ्रिजमधील नळ्या स्पिरिटने पुसल्या. पुसण्याअगोदर प्रत्येक नळीचा नंबर उजेडात धरून वाचला. एक नळी काढली, पुसली, नंबर लिहिला, कुंकू लावले, जागेवर ठेवली, मग दुसरी काढली. एका वेळी हातात एकच नळी होती.'

खाली सही आणि तारीख.

"मामा, हे एक नळी, एक नळी काय लावलंय? नळ्या बदलल्या असं कुठे लिहिलंय यात?"

"नाय बदलल्या, तर कसं लिवू?"

"अहो, पण एकेक करून पुसल्या हे तुम्हाला दोन महिन्यांनी आठवतं कसं?"

"आठवायला कशाक लागतं? मी तसंच करतो." मग त्यांना वाटलं असावं की या बाईला फोड करून सांगायला हवं. "घरी टाक आहेत आमचे, देवांचे चांदीचे, देव्हाऱ्यात. सातेरी, रवळनाथ, मूळपुरुष. दसऱ्याला चिंचेने उजळतो. माझी आवस, आई म्हंजे, सांगायची, एक टाक जाग्यावर गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाय. अदलाबदल झाली तर देव काय बोलायचे नायत, पण आवस बोलायची. ती सवय हाताला लागलीय. हात ऐकत नाय दुसरं काय."

"मग जूनमध्ये उलटं आलं कसं?"

"ते मला काय म्हायत? जूनमध्ये मी होतो कुठे? गावाक होतो, पुतणीच्या लग्नाला."

एवढं बोलून ते गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. साधी चूक कबूल करायची, सही करायची, तर हे सातेरी-रवळनाथ घेऊन बसले. मी स्टाफरूममध्ये जाऊन लॅपटॉप उघडला. जूनचा फोटो त्या पत्रासोबत लावायचा होता. पुसट तर पुसट, जरा मोठा करून लावावा, म्हणून मोठा केला.

रेघा पुसट होत्या. पण नंबर पुसट नव्हते. ७ आणि १२, माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात, अगदी ठसठशीत दिसत होते. मी तो फोटो सहा महिन्यांत शंभरदा पाहिला असेल. प्रत्येक वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्याला शिव्या दिल्या होत्या. आता कॅमेऱ्याची काहीच चूक दिसेना. त्याने बिचाऱ्याने नंबरांवर नेम धरला होता, आणि नंबर जर प्लेटच्या बुडावर, रेघांच्या अंगाला असते, तर रेघाही तेवढ्याच ठसठशीत आल्या असत्या. त्या आल्या नाहीत, कारण नंबर रेघांच्या बोटभर वर होते. मधे झाकणाची वाफ होती. नंबर झाकणावर लिहिलेले होते.

मग एकेक आठवायला लागलं. मामा गावाला होते. माध्यम मीच बनवलं, प्लेटा मीच ओतल्या, हात भरलेले, वैतागलेली, दिसेल तिथे नंबर टाकले. दुसऱ्या प्लेटवर बुरशी दिसली तेव्हा हिच्यावरही आहे का बघायला मी हिचं झाकण उघडलं. हेही आठवलं. परत लावताना झाकण सुलटं लागलं की अर्धा वळसा फिरून लागलं, ते मात्र आठवेना. गोल झाकणाला कसलं आलंय सुलटं-उलटं. अर्धा वळसा फिरलं असेल, तर डावीकडचा सात उजवीकडच्या रेघेवर गेला, उजवीकडचा बारा डावीकडे आला, आणि मी सहा महिने बारा नंबरला सात म्हणत बसले. आत्ताच्या तिन्ही प्लेटांचे नंबर मात्र बुडावर होते.

पहिल्या वर्षाची मुलं ही चूक करतात आणि मामांचा ओरडा खातात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते मला म्हणतात. मी स्टाफरूममध्ये एकटी होते म्हणून बरं, कारण मला रडू आलं, आणि रडता रडता सुद्धा मी चिडलेलीच होते.

नलिनी मॅडम घरी निघाल्या होत्या. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, काढला, पर्समध्ये ठेवला.

"मधुवंती, हे तज्ज्ञांना दिसलं नाही. मला दिसलं नाही. फोटो पुसट आहे, पुसटच राहू दे."

"आणि मामांचं पत्र?"

"कोण वाचतंय अख्खं? नळ्या पुसल्या, नंबर लिहिले, एवढं आहे ना? पुरे आहे. महिनाअखेरीला जायचाच आहे तो. त्याला काय फरक पडतो? तुझं नाव कटलं तर मात्र पडतो."

यात खोटं काहीच नव्हतं. शुक्रवार खराच होता. अडतीस पानं खरी होती. मी घरी गेले नाही, धुण्याच्या खोलीत गेले. मामा प्लेटा पालथ्या घालत होते.

"मामा, चूक माझी आहे. जूनमध्ये मी झाकणावर लिहिलं होतं."

ते हसले नाहीत. मला वाटलं होतं, हसतील, असू दे म्हणतील, आणि मी सुटेन.

"हे मला कशाक सांगता, मॅडम? मला म्हायत होतं मी नाय बदलले. त्या पोरांना नाय म्हायत. ओरडलात ते सगळ्यांसमोर. आता सांगायचं तर ते पण सगळ्यांसमोर सांगा. नाय सांगायचं, तर ऱ्हावं दे."

आणि त्यांनी नळ सोडला. मी तिथेच उभी. माणूस बरोबर बोलला की त्याच्यावर चिडताही येत नाही, याच्याइतका वैताग दुसरा नाही. अकरा मुलांसमोर बोलायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत पार्ल्यातल्या प्रत्येक टपरीवर ती बातमी. त्यानंतर जूनचा फोटो प्रबंधात ठेवणं शक्यच नव्हतं. मामांना मोकळं करायचं, तर पाचवं प्रकरण बुडवायचं. दोन्ही हातांत लाडू मिळणार नव्हते.

रात्रभर मुकुलला झोपू दिलं नाही. शेवटी तो म्हणाला, "अगं, रंग चुकलेला डबा गिऱ्हाइकाला कळत नाही, पण रंगाऱ्याला कळतो. झोप आता." मी त्याला म्हटलं, तुझ्या डब्यांचं माझ्यापुढे काढू नकोस.

बुधवारी सकाळी प्रॅक्टिकलला तीच अकरा मुलं होती. मी मामांना आत बोलावलं. ते दारातच थांबले. मी जूनचा फोटो पडद्यावर लावला.

"काल मी मामांना तुमच्यासमोर बोलले. नळ्या त्यांनी बदलल्या असं म्हटलं. त्यांनी बदलल्या नव्हत्या. या प्लेटचे नंबर बघा आणि रेघा बघा. नंबर झाकणावर आहेत. ही प्लेट माझी आहे. पाटीखाली उभी राहून मी मामांवर ओरडले, आणि पाटीवर लिहिलेली चूक मी केली होती. मामा, माझं चुकलं."

मग श्वेताने हळूच विचारलं, "मॅडम, मग तुमचं पाचवं प्रकरण?"

"गेलं."

"सगळं?"

"अडतीसातली अकरा पानं वाचतील. क्रम आधी बारा, मग सात, मग एकोणीस. लिहून घ्या, आणि माझ्याकडे असं बघू नका, कामं करा."

नलिनी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारपर्यंत जमेल?" मी म्हटलं, जमवते. त्या म्हणाल्या, "सही करीन. बोलणार मात्र नाही तुझ्याशी थोडे दिवस." ते मला सोयीचंच होतं. बोलायला वेळ होता कोणाला?

दुपारी खात्रीसाठी पुन्हा प्लेटा लावायला घेतल्या. आता रेघा ओढल्या तर शुक्रवारी सकाळी बुडाकडून काढलेला एक स्वच्छ फोटो मिळणार होता. मामा माझ्या टेबलाशी आले आणि फाईलकडे बोट दाखवून म्हणाले, "माझा तो कागद आता लागत नाय ना?"

"नाही. फाडू?"

"फाडता कशाक? द्या इकडे." त्यांनी कागदाची नीट चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. "घरी दाखवतो. एकतीस वर्षांत एकदाच कोणी लिवून मागितलं, ते पण खरं निघालं."

माझे डोळे भरून आले होते, ते लपवायला मी प्लेट पुढे ओढली आणि हात पसरून म्हटलं, "मार्कर द्या."

मामांनी मार्करचं टोपण काढलं, माझ्या हातात ठेवला, पण सोडला नाही.

"बुडावर लिवा, मॅडम."

मी प्लेट पालथी केली आणि बुडावर लिहिलं.